झाकरीची दीड ओळ

“आत कोण गातंय?” लेल्यांनी विचारलं.

ते आमच्या पडवीत वेताच्या खुर्चीवर बसले होते. खुर्ची आमची नव्हती. पुण्याचा लेखक बाकावर बसणार म्हटल्यावर जानू मास्तरांनी ती सकाळीच आपल्या घरून डोक्यावर घालून आणली होती. समोर माझा आजा ढोलकी मांडीत घेऊन गात होता आणि दुसऱ्या ओळीला अडकला होता. अडकला म्हणजे नेहमीसारखाच अडकला. ते गाणं त्याला जन्मात कधी पुरं आलं नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून, कढईत काहीतरी चुरचुरत असताना, पुढचे शब्द आले आणि आजाने मान हलवून ते उचलले.

“ती? ती बायको माजी,” आजा म्हणाला. “गाणी तिची. मी नुसता बडवतो.”

ही गोष्ट मॉरिशसमधल्या बेलरोश गावातली. गाव कसलं, उसाच्या मळ्याच्या कडेला पत्र्याची घरं आणि मधोमध गणपतीचं देऊळ. आमचे पूर्वज रत्नागिरीच्या बाजूने करारावर ऊस तोडायला आले. गोऱ्या साहेबाच्या कारकुनाने त्यांची नावं ऐकू आली तशी खरडली, आणि बापाचं नाव तेच कायमचं आडनाव झालं. म्हणून आम्ही भिवाजी. हा भिवाजी कुठल्या गावचा, कुणाचा कोण, हे आम्हाला कुणालाच माहीत नाही. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आपण नक्की कोण हे ठरवून टाकायची ज्याला त्याला घाई झाली होती. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. घरात आमचं कोकणी वळणाचं मोडकं मराठी आणि भरभरून क्रेओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, आणि संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर मास्तरांकडे छापील मराठी, असा माझा चार जिभांचा संसार होता. त्यातलं छापील मराठी मला गावात सगळ्यांत चांगलं यायचं आणि त्याचा मला फार तोरा होता.

रत्नाकर लेले कसल्याशा परिषदेला बेटावर आले होते. प्रवासवर्णनं लिहिणारा मोठा माणूस, महाराष्ट्रात घराघरांत त्यांची पुस्तकं असतात, असं मास्तरांनी आठवडाभर सांगून ठेवलं होतं. परिषदेतली भाषणं उरकल्यावर त्यांनीच म्हणे विचारलं, की मला तुमची साधी माणसं दाखवा. तेव्हा मास्तरांनी त्यांना मोटारीत घालून सरळ आमच्याकडे आणलं, कारण झाकरी आमच्याकडे होती.

झाकरी म्हणजे गणपतीत पायात घुंगरू बांधून, गोल धरून म्हणायची गाणी; कोकणात जाखडी म्हणतात ती. आमच्या माणसांबरोबर बोटीतून जे काही आलं, त्यातलं तेवढंच उरलं होतं. भांडीकुंडी गेली, जाती गेल्या, गावांची नावं गेली, पण गाणी राहिली. राहिली म्हणजे आजीच्या तोंडात राहिली. ढोलकी, घुंगरू, फेर हे सगळं पुरुषांचं, आणि शब्द आजीचे. दरवर्षी ती देवळाच्या पायरीवर बसून पहिली ओळ काढायची आणि मग गडी उचलायचे. असं का, हे कुणी कधी विचारलं नाही.

लेल्यांनी मात्र विचारलं. आजीला बाहेर बोलावून घेतलं. ती तशीच आली, शेतातून येऊन स्वयंपाकाला लागलेली, पायात मळ्यावरचे रबरी बूट, डोक्यावर गवताची टोपी आणि हातात झारा. लेले उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. आम्हाला सगळ्यांना ते फार आवडलं. मग त्यांनी तिचं नाव विचारलं. तिने रखमा म्हणून सांगितलं. माहेर कुठलं, असं त्यांनी विचारलं. आता महाराष्ट्रात बाईमाणसाची चौकशी माहेरापासूनच सुरू होते हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, किती आपुलकीने विचारतायत.

आजी आजाकडे बघून हसली. उत्तर आजाने दिलं, आणि तेही मिशीला पीळ देत. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यांत लाडकी गोष्ट होती.

“हिची आय क्रेओल,” तो म्हणाला. “मळ्यावरच्या साहेबाचे कपडे धुवायची. हिचा नाव रोझलीन होता. रखमा माज्या आयेनं ठेवलान. माज्या आयेला लेक नव्हती. दोघी एका सरीत ऊस खुरपायच्या, तेव्हा आयेनं सगळी गाणी हिला दिलीन. मला ढोलकी दिलीन.”

लेल्यांनी वही काढली होती. ते लिहू लागले. आजाला वाटलं, आपण काहीतरी मोलाचं सांगितलं. आणि त्याने तेव्हाच मनातलं बोलून टाकलं. पोरं आता झाकरी शिकत नाहीत, त्यांना सिनेमाची गाणी हवीत. मास्तर लिहून घेतो म्हणतात, पण मास्तरांना गावच्या मराठी मंडळाच्या कामातून सवड होत नाही. रखमाला लिहिता येत नाही. उद्या ती गेली की सगळं गेलं. साहेब पुस्तक लिहिणार आहेत, तर त्यात ही गाणी घालतील का?

“अहो, त्यासाठीच तर आलोय,” लेले म्हणाले. “सगळी घालतो. तुम्ही म्हणा, मी लिहून घेतो.”

त्या दुपारी आजीने चूल मालवली आणि गायला बसली. एवढी सलग ती कधी गायली नव्हती. झाकरीची म्हटली, मग खुरपणीची म्हटली, मग आजाच्या आईचं खास असलेलं, आजा सुरुवातीला अडकला होता तेच दर्याचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, जे आजाला पुरं येत नसे आणि देवळात कधी म्हणत नसत. लेले लिहीत होते. मध्येच त्यांनी तिला विचारलं, की आजी, या शब्दांचा अर्थ कळतो ना तुम्हाला? आजी खुदकन हसली. कुणाला आपल्याच घरातली पाण्याची घागर कुठे आहे असं विचारलं तर तो जसा हसेल, तशी. मग आत जाऊन तिने तळलेले डाळीचे वडे आणले, मिरची घातलेले, गातो-पिमां म्हणतात ते आमच्याकडे. लेल्यांनी ते मागून मागून खाल्ले.

मी तिथेच बसले होते. गाणी कानांवरून जात होती. लक्ष नव्हतं, माझं सगळं लक्ष लेल्यांच्या बोलण्याकडे, त्या गुळगुळीत, घासूनपुसून लख्ख केलेल्या मराठीकडे होतं. आणि गाणी काय, ती आता पुस्तकात येणारच होती.

जाताना त्यांनी आजाचा एक फोटो काढला आणि त्याला मातीची एक पुडी दिली. महाराष्ट्राची माती म्हणाले. आजाने ती कपाळाला लावली, कारण पाहुण्याने दिलेली वस्तू अशीच घ्यायची असते. मोटार गेल्यावर त्याने आजीला विचारलं, ही कशाला असते गो? आजी म्हणाली, मिरचीच्या रोपाला घाल.

पुस्तक यायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात आजा कितीदा मास्तरांकडे जाऊन विचारून आला असेल, त्याला गणती नाही. घरी आल्यावर आजीला चिडवायचा, की आता तुझी गाणी पुण्याच्या बायका म्हणतील बघ, आणि चुकल्या तर तुलाच बोलावतील. आजी म्हणायची, बोलावतील तर जाईन, तिकीट तू काढ. पण त्या काळात एक गोष्ट झाली खरी. कुणी गाणी शिकायचं म्हटलं की आजाच म्हणायचा, आता कशाला डोकं शिणवतोस, पुस्तक येईल त्यात बघून म्हण. मास्तरांनीही लिहून घ्यायचा विषय सोडून दिला.

आमच्याकडे पुस्तकाची एक रीत होती. महाराष्ट्रातून आलेलं पुस्तक कुणी घरी उघडायचं नाही. पोथ्या बोटीने यायच्या त्या काळापासूनची रीत ती; पिढीत एखादी पोथी यायची, वाचता येणारा एखादाच असायचा, आणि मग ती पोथी एकट्याची कशी होणार. म्हणून पुस्तक आलं की ते बांधलेलंच देवळात न्यायचं, गणपतीसमोर ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि सगळ्या गावासमोर पहिल्यांदा मोठ्याने वाचायचं. एक माणूस वाचायला बसला की तोच शेवटपर्यंत वाचणार, आणि घेतलेलं प्रकरण देवासमोर अर्धं टाकायचं नाही. पोथीसाठी केलेले नियम आम्ही प्रवासवर्णनाला लावले. जगात दुसऱ्या कुणी हा मूर्खपणा केला नसता.

मास्तरांनी सुद्धा पुडक्याची सुतळी सोडली नाही. गणपती बसलेले होते, रविवार होता, जेवणं उरकून सगळं गाव देवळात आलं. आजाने काळा कोट घातला होता, लग्नकार्यातला. आजी नऊवारी नेसली होती आणि बायकांच्या बाजूला, पुढेच, प्रसादाचं ताट घेऊन ती बसली होती. वाचून झाल्यावर झाकरी होणार होती, आणि त्या दिवशी पुस्तकात बघून सगळ्यांनी एकत्र म्हणायची असं ठरलं होतं. वाचणार अर्थात मी. मास्तरांनी सुतळी सोडली, पुस्तकाला कुंकू लावलं आणि बेलरोशचं प्रकरण काढून माझ्या हातात दिलं. पुस्तकाचं नाव होतं, ‘उसाच्या बेटावर आपली माणसं’.

सुरुवात फारच छान होती. निळा समुद्र, हिरवा ऊस, मध्ये आपला गणपती. मास्तरांचं नाव आलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबू न्हाव्याच्या दुकानाचं वर्णन आलं, त्याच्या आरशाला तडा गेलाय हेही आलं, आणि सगळे बाबूकडे बघून हसले, बाबूही हसला. मग आजा आला. ‘राघो भिवाजी हे या बेटावरच्या आपल्या माणसांचं जिवंत प्रतीक. अंगावर ऊन आणि काजळी, पण डोळ्यांत कोकण. मी दिलेली मायभूमीची मूठभर माती कपाळी लावताना त्या थरथरत्या म्हाताऱ्याला हुंदका आवरेना.’ आजाने मान खाली घातली. तो लाजला असं सगळ्यांना वाटलं. मी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो हळूच मला म्हणाला, मी कदी रडलो? आणि हसला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. लिहिणारा माणूस थोडं मीठमसाला घालणारच, एवढी समज त्याला होती.

मोठ्याने वाचणाऱ्याचे डोळे तोंडाच्या पुढे धावतात. मी माती वाचत होते आणि डोळे पुढच्या परिच्छेदावर गेले होते. काय करावं सुचेना, म्हणून मी एका पानाऐवजी दोन पानं एकदम उलटली आणि पुढचं काहीतरी वाचायला लागले, एका धबधब्याबद्दल.

“पान उलटलंस,” आजा म्हणाला.

आजाला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण दीड वर्ष तो ज्या पुस्तकाची वाट बघत होता, त्याच्या प्रत्येक पानावर त्याचे डोळे होते.

मी म्हटलं, चिकटली असतील पानं. मास्तरांना माझ्या आवाजावरून काय ते कळलं असावं. त्यांनी पुस्तकासाठी हात पुढे केला आणि म्हणाले की पोरगी दमली, पुढचं मी वाचतो. आजाने त्यांचा हात धरून खाली केला.

“रीत मोडू नको मास्तर. तीच वाचंल,” तो म्हणाला. मग मला म्हणाला, “वाच पोरी. गाणी मदल्या पानावर असतील. मदला वाच.”

मी वाचलं. या वाचण्याचं मला पुढे कधी वाईट वाटलं नाही, की मी का वाचलं वगैरे. देवासमोर, आजाने सांगितल्यावर, दुसरं काही होणार नव्हतं. मी जे वाचलं ते असं होतं.

‘मात्र घरात पाऊल टाकलं आणि मन खिन्न झालं. गृहिणी म्हणून जी बाई पुढे आली, तिला पाहून मी क्षणभर बावरलो. तिची आई आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातली. दाट कुरळे केस, जाड ओठ. कपाळावरचं कुंकू त्या चेहऱ्यावर वाट चुकून आल्यासारखं दिसत होतं. परमुलखात आपल्या मुली मिळेनात, बिचाऱ्या राघोने मिळालं त्यात घर केलं. त्याला दोष तरी कसा द्यावा? त्या घरात मराठी अन्नही उरलं नव्हतं; काहीतरी तिखट तळलेलं समोर आलं, ते आतिथ्याला मान देऊन कसंबसं गिळलं. आणि दैवाचा खेळ असा, की आपल्या पूर्वजांची जाखडी आज याच बाईच्या तोंडी उरली आहे. अर्थ कळतो का असं विचारलं असता ती नुसती हसली. पोपटाने म्हणावीत तशी ती गाणी ती म्हणते, आणि म्हणता म्हणता त्यांचा पार चोथा झाला आहे. मासल्यादाखल एकच देतो: “दर्या रे दर्या, तुज्या पाठीवर वाट, आयेनं माज्या बांधली...” इत्यादी. या बेटावर महाराष्ट्र हुडकायला गेलेल्या माझ्या हाती त्याचं विटलेलं लुगडं तेवढं लागलं.’

तिथे परिच्छेद संपला. त्यापुढे धबधबा होता. प्रकरण अर्धं टाकायचं नाही म्हणून मी धबधबाही वाचला, अगदी शेवटपर्यंत, तुषारांवर पडलेल्या इंद्रधनुष्यासकट.

आजी क्रेओल आईची, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. आजा तर ते येईल जाईल त्याला ऐकवायचा. ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कुणालाच काही नव्हतं. बाबू न्हाव्याची आजी तमिळ होती, मास्तरांच्या आईचं तर बोलायलाच नको. पण त्या दुपारी, मी वाचायची थांबले तेव्हा, आधी कुणीच आजीकडे बघेना आणि मग एकेक करून सगळे बघायला लागले. जन्मभर जिला पाहिलं तिचे केस आणि ओठ ते त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते. मीसुद्धा बघितले. आणि मग माझा हात आपोआप माझ्या केसांकडे गेला.

आजीला सगळं समजलं होतं. ती ताट मांडीवर घेऊन तशीच ताठ बसली होती.

आजा उभा राहिला. त्याला वाटलं असावं की आता मास्तर बोलतील, किंवा कुणीतरी उठून पुस्तकाला नावं ठेवील. मास्तर घसा खाकरून म्हणाले, की लेलेसाहेब मोठे विद्वान आहेत, त्यांच्या मनात वाईट नसणार, आणि एवढ्या मोठ्या पुस्तकात बेलरोशचं नाव छापून आलं ही गोष्ट लहान नाही. मंडळातर्फे त्यांना आभाराचं पत्र गेलं पाहिजे. काहींनी टाळ्या वाजवल्या. आजा खाली बसला.

मग झाकरीची वेळ झाली. गडी घुंगरू बांधून फेराला उभे राहिले. आजीने ताट बाजूला ठेवलं आणि नेहमीच्या पायरीकडे जायला उठली. तेव्हा मास्तरांची बायको सरूकाकी लगबगीने पुढे आली आणि तिने आजीचा दंड धरला. सरूकाकी फार मायाळू बाई; तिच्याइतकं आजीवर प्रेम गावात दुसऱ्या कुणी केलं नसेल.

“रखमाआजी,” ती म्हणाली, “आज राहू दे. दमली असशील.”

आजीने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. तिथे राग नव्हता, तिरस्कार नव्हता. सगळे ओशाळले होते, आणि तिने जावं म्हणजे आपण सुटू असं सगळ्यांना वाटत होतं. आजीने प्रसादाचं ताट सरूकाकीच्या हातात दिलं, खुंटीवरची टोपी घेतली, नऊवारीवरच ती घातली आणि ती उन्हात निघून गेली. आजा तिच्यामागून गेला. ढोलकी देवळातच राहिली.

त्या दिवशी झाकरी झाली नाही. कुणालाच पहिली ओळ काढता येईना.

आभाराचं पत्र गेलं. ते मीच लिहिलं, मास्तरांनी सांगितलं तसं. आजाचा पुस्तकातला फोटो कापून, चौकट करून देवळात लावला. तो अजून तिथे आहे. पुढच्या वर्षी मंडळाने पुण्याहून जाखडीच्या कॅसेट मागवल्या. आजा दोनदा मास्तरांकडे जाऊन भांडून आला. मास्तर म्हणाले, राघोदा, मला काही नाही रे, पण आता बाहेरची माणसं बघायला येतात, फोटो घेतात, उगाच कुणी काही लिहील. आजा म्हणाला, तुम्हालाच ती नको असंल तर तसा सांगा, लेल्याचा नाव कशाला घेता. कॅसेटवर गडी नाचले. दिसायला छान दिसलं.

आजी रडली नाही, निदान आमच्यासमोर. शेतात गेली, घरी आली, स्वयंपाक केला. फक्त घरातला आवाज गेला. भाकरी थापताना, खुरपताना, पाणी भरताना तिच्या तोंडात सतत काहीतरी असायचं, ते बंद झालं. आजा कधी मुद्दाम त्या दर्याच्या गाण्याची पहिली ओळ काढायचा, दुसऱ्या ओळीला अडकायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबायचा. आतून फक्त कढईचा आवाज यायचा. पुढे त्यानेही सोडून दिलं. तो गेला तेव्हा त्याच्या तिरडीपुढे भजनाची कॅसेट लावली होती.

मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी मराठी शिकायला पुण्याला गेले. मला लेल्यांना भेटायचं होतं. त्यांना फाडून खायचं होतं, खरं सांगायचं तर. ते म्हातारे झाले होते. पायऱ्या चढून मी वर गेले, नाव सांगितलं, आणि ते इतके आनंदले की बोलायला लागले ते थांबेचनात. बेलरोश! काय ती माणसं, काय ते प्रेम, राघोबा कसे आहेत? गेले म्हटल्यावर त्यांचे डोळे खरोखर भरून आले. त्यांनी आतून चिवडा मागवला. मला म्हणाले, तुझं मराठी किती सुरेख आहे गं, कुणाला वाटणारही नाही की तू तिकडची.

मी फक्त गाण्यांचं विचारलं. त्या दुपारी तुम्ही जी लिहून घेतलीत, ती वही कुठे आहे?

“वही?” ते जरा गोंधळले. मग हसले, अगदी मायेने. “अगं, ती गाणी कुठे लिहिली मी. म्हातारी एवढ्या हौसेने म्हणत होती, तिचं मन कसं मोडायचं? मी आपला नुसता पेन फिरवत बसलो होतो.”

फाडून खायचं राहिलं. चिवडा खाल्ला आणि खाली उतरले.

सुट्टीत मी टेपरेकॉर्डर घेऊन घरी गेले. आजी खूप थकली होती. शेत सुटलं होतं, दिवसभर मिरचीच्या रोपांजवळ टोपी घालून बसायची. मी तिच्या पायाशी बसले. तिला सगळं सांगितलं, ते लेले खोटे, ते पुस्तक खोटं, गाणी तुझ्याशिवाय कुणाकडे नाहीत, मी लिहून घेते, माझं मराठी आता चांगलं आहे. मी रडत होते. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, माझ्या कुरळ्या केसांवरून, जे मी पुण्यात रोज तेल थापून, घट्ट वेणी घालून सरळ करत होते. ती वेणी तिने हातात धरून नीट बघितली.

“ता माजा नाय, विजू,” ती म्हणाली. “ता तुमचा हाय.”

मी टेपरेकॉर्डर चालू करून बराच वेळ बसले. त्या टेपवर कोंबड्यांचा आवाज आहे, आणि मळ्याच्या भोंग्याचा. पुढल्या पावसाळ्याच्या आत आजी गेली.

आता मी पोर्ट लुईला मुलांना मराठी शिकवते. पुण्या-मुंबईचे अभ्यासक येतात, मॉरिशसच्या झाकरीबद्दल विचारतात, आणि त्यांच्या हातात तेच पुस्तक असतं, कारण दुसरं काही नाही. मूळ झाकरीतलं तुम्हाला काही येतं का, असं ते विचारतात. मी तेच पान काढून देते. मला येतं ते तेवढंच, त्यांनी चोथा म्हणून छापलेली ती दीड ओळ. दर्या रे दर्या, तुज्या पाठीवर वाट, आयेनं माज्या बांधली. पुढे ‘इत्यादी’ आहे.

आयेनं काय बांधलं होतं, ते मी त्या दुपारी पडवीत बसून ऐकलं होतं. स्वयंपाकघरातून आलेला आवाज आठवतो, कढई आठवते, आजाने हलवलेली मान आठवते. शब्द तेवढे आठवत नाहीत.